पेन्शनर शिपायांचे मेळावे व त्यांची समाजसेवा

ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्याचे दिवस जवळ आले की एक प्रश्न दरसाल निघतो : मेळाव्याने नेमके साधते काय? एक पक्ष म्हणतो, माणसे एकत्र येतात, ओळखी वाढतात, सोयरिकी जुळतात, एवढे फळ पुरेसे आहे. दुसरा पक्ष म्हणतो, मंडप, भोजन व सत्कार यांवर होणारा खर्च विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाकडे वळवावा. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. म्हणूनच हा वाद केवळ युक्तिवादाने मिटत नाही. अशा वेळी इतिहासाला विचारावे, हे बरे. या हेतूने आम्ही यंदाच्या स्मरणिकेसाठी महाराष्ट्रातील निवृत्त शिपायांच्या संघटना, त्यांचे मेळावे आणि त्यांनी केलेली समाजसेवा हा विषय घेतला आहे. हा इतिहास कोणा एका ज्ञातीचा नाही. त्याचे पहिले व सर्वांत मोलाचे प्रकरण महार पेन्शनरांनी लिहिले. पुढची प्रकरणे मराठे व इतर अनेक समाजांच्या शिपायांनी मिळून लिहिली. ज्यांच्या घरातून कोणी ना कोणी पलटणीत गेले, अशी कुटुंबे मंगळवार पेठेत व आपल्या सभासदांतही आहेत. त्यांना तर हा विषय परका वाटू नये.

प्रथम पेन्शन या गोष्टीचा विचार करू. एकोणिसाव्या शतकातील आपल्या खेड्यात रोकड पैसा फार थोड्यांच्या हाती येई. बलुतेदाराला सुगीला धान्य मिळे आणि त्या धान्याबरोबर गावाची मर्जी राखण्याचे बंधनही येई. गावकामगार महाराची स्थिती याहून कठीण होती. वतनाच्या तुटपुंज्या जमिनीपायी सगळे कुटुंब सरकारच्या व गावच्या राबणुकीला बांधलेले असे. अशा गावात पलटणीतून परतलेल्या शिपायाला दरमहा ठरलेली रोकड मिळू लागली, तेव्हा गावाच्या मर्जीवाचून जगणारा एक मनुष्य प्रथमच तेथे उभा राहिला. रक्कम लहान होती. पण ती गावाने दिलेली नव्हती, म्हणून गावाला ती काढूनही घेता येत नव्हती. शिवाय हा मनुष्य बहुधा अक्षरओळख घेऊन आलेला असे. पलटणीत शाळा असत आणि शिपायांची मुले त्यांत शिकत. अर्ज कोणाकडे करावा, तो कोणत्या शब्दांत लिहावा, खालच्या साहेबाने नाकारल्यास वर कोठे जावे, ही विद्याही तो छावणीत शिकलेला असे. रोकड, अक्षर आणि अर्ज या तीन गोष्टींवर पुढील सर्व इमारत उभी राहिली.

रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली हे त्या काळी अशा पेन्शनरांचे मोठे ठाणे होते. तेथे पूर्वी लष्कराची छावणी असल्याने लोक आजही त्या गावाला कॅम्प दापोली म्हणतात. फौजेतून १८८६ साली निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर दापोलीस येऊन राहिले. त्यांचे मूळ गाव महाडजवळील रावढूळ. महात्मा जोतीराव फुले यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल ठसा होता. आपल्यासारख्याच पेन्शनरांना हाताशी धरून त्यांनी अनार्य दोष परिहारक मंडळी ही संस्था चालविली. १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ हे लेखन प्रसिद्ध करून त्यांनी अस्पृश्यतेला शास्त्राधार कोणता, असा सवाल जाहीरपणे विचारला. ‘दीनबंधु’ व ‘सुधारक’ या पत्रांतूनही ते लिहीत असत. १८९५ साली महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्या शेजारी बसण्यास इतर सभासदांनी हरकत घेतली. सरकारने नेमलेल्या सभासदाची ही गत, तर सामान्य माणसाचे काय होत असेल, हे वाचकांस सांगणे न लगे.

या मंडळींपुढे त्या वेळी दोन संकटे होती. पहिले लष्करातील. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती होते. मुंबई व मद्रास फौजेतील शिपायांविषयी त्यांचे मत अनुकूल नव्हते. उत्तरेकडील काही जाती तेवढ्या लढाऊ, अशी कल्पना त्यांच्या कारकिर्दीत सरकारी धोरण बनली. १८९२ च्या सुमारास पलटणींची जातवार फेररचना झाली आणि महारांची भरती बंद पडली. कंपनीच्या अमदानीपासून ज्यांच्या पिढ्या पलटणीत गेल्या होत्या, त्यांच्या मुलांना तो दरवाजा एकाएकी मिटला. दुसरे संकट शाळेचे. ज्या पेन्शनरांनी स्वतः पलटणीच्या शाळेत अक्षरे गिरविली, त्यांच्याच मुलांना गावच्या शाळेत इतर मुलांबरोबर बसू देत नसत; घेतलेच तर ओसरीवर बसवीत. दापोलीच्या पेन्शनरांनी या अन्यायाविरुद्ध सरकारदरबारी दाद मागितली.

भरती पुन्हा सुरू व्हावी यासाठी १८९४ साली वलंगकरांच्या पुढाकाराने अर्ज तयार झाला. त्याला यश आले नाही. केवळ मागणी व निकाल एवढेच पाहणाऱ्याने या मंडळीच्या नावापुढे ‘अयशस्वी’ असा शेरा मारला असता. परंतु अर्ज करण्यासाठी माणसे एकत्र आली. गावोगावचे पेन्शनर एकमेकांस ओळखू लागले. आपल्या पूर्वजांनी कोठे कोठे लढाया केल्या याची आठवण त्यांनी कागदावर आणली. आणि मुलांना शिकविल्यावाचून तरणोपाय नाही, ही गोष्ट त्यांच्या मनात पक्की झाली. दापोलीस काही काळ राहून पुढे साताऱ्यास गेलेले सुभेदार रामजी सकपाळ हे याच पेन्शनरांपैकी. पलटणीच्या शाळेत ते मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर ओढाताण सोसून त्यांनी आपल्या मुलाचे शिक्षण चालू ठेवले. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील छावणीत जन्मलेला तो मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर होत.

वलंगकर १९०० साली वारले. त्यांचा धागा पुढे पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी उचलला. ते स्वतः शिपाई नव्हते. पण पेन्शनरांचे गाऱ्हाणे हे सर्व समाजाचे गाऱ्हाणे आहे, हे त्यांनी जाणले. १९०३ साली सासवड येथे ५१ गावांतील महारांची सभा भरली. १९०८ साली त्यांनी ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक काढले. १९१० साली लष्कर व पोलीस यांतील नोकऱ्या पुन्हा खुल्या कराव्यात असा अर्ज थेट विलायतेतील भारतमंत्र्यांकडे गेला. या वेळीही हाती काही पडले नाही. मात्र पुढे महायुद्ध पेटले व सरकारला माणसांची निकड भासली, तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपताच १९२१ साली ती मोडण्यात आली. गरज असेतोवर शूर आणि गरज सरल्यावर अयोग्य, हा न्याय पाहून पेन्शनरांनी काय धडा घेतला असेल, याची कल्पना करता येते.

आता मेळाव्याकडे वळू. पुणे-नगर रस्त्यावर भीमा नदीच्या काठी कोरेगाव येथे एक उंच दगडी स्तंभ आहे. १ जानेवारी १८१८ रोजी तेथे पेशव्यांच्या फौजेशी कंपनीच्या एका लहान तुकडीची दिवसभर झुंज झाली. तीत पडलेल्या शिपायांची नावे स्तंभावर कोरली आहेत आणि त्यांतील २२ नावे महारांची आहेत, असे अभ्यासक सांगतात. कांबळे यांच्या प्रयत्नाने पेन्शनर व त्यांची मुलेमाणसे या स्तंभापाशी जमू लागली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर तेथे आले. त्या सभेत गतकालाच्या पराक्रमाबरोबरच बंद झालेल्या भरतीविषयी दाद मागण्याचा मुद्दा होता. स्तंभ इंग्रजांनी आपल्या विजयासाठी उभारला. पेन्शनरांनी तो आपल्या मागणीचा पुरावा म्हणून वाचला. एका दगडातून दोघांनी दोन अर्थ काढले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

या मेळाव्यास तीन महिने झाले नाहीत तोच १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे परिषद भरली व चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यात आले. महाड-दापोलीचा हा मुलूख पेन्शनरांचा होता. परिषदेच्या तयारीत त्यांनी पुढाकार घेतला; पुढे स्वयंसेवकांचे समता सैनिक दल उभे राहिले, त्यातही त्यांचा भाग होता. ज्या माणसांना शिस्तीने उभे राहणे, सांगितलेले काम वेळेवर करणे आणि मार पडला तरी रांग न मोडणे ठाऊक होते, ती माणसे एका सामाजिक चळवळीला आयती मिळाली.

या कथेत आमच्या कोल्हापूरचाही वाटा आहे आणि तो अभिमानाने सांगण्यासारखा आहे. ज्या शाळेच्या ओसरीवर पेन्शनरांची मुले बसत, त्या शाळेचा प्रश्न राजर्षी शाहू छत्रपतींनी आपल्या राज्यात हुकमाने सोडविला. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम झाला. १९१८ साली महार वतने रद्द करून त्या जमिनी रयतवारी करण्यात आल्या. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत घ्यावे, असे ठरले. वलंगकरांच्या मंडळीने जे अर्जात मागितले होते, त्यातील मोठा भाग असा करवीर राज्यात कायदा झाला. मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतील माणगाव येथे जी परिषद झाली, तिचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते आणि स्वतः महाराज तेथे उपस्थित होते. त्याच वर्षी मेअखेर नागपूर येथे अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. तिचे अध्यक्षस्थान महाराजांनी स्वीकारले. पेन्शनर सुभेदाराचा मुलगा माणगावी अध्यक्ष आणि छत्रपती समोर श्रोते, हे दृश्य दापोलीच्या अर्जापासून २६ वर्षांनी घडले. दापोलीच्या शिपायांना ते स्वप्नातही दिसले नसते.

ज्या मागणीपासून सर्व आरंभ झाला, तीही अखेर पुरी झाली. दुसऱ्या महायुद्धात डॉ. आंबेडकर संरक्षण सल्लागार मंडळाचे सभासद असताना १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. १८९४ च्या अर्जापासून ४७ वर्षे लोटली होती. अर्ज करणाऱ्यांपैकी कोणाला तो दिवस दिसला नाही. पण मधल्या काळात त्यांच्या संघटनेने जे दिले, ते एका रेजिमेंटपेक्षा मोठे होते.

इतर समाजांच्या शिपायांची कहाणी पहिल्या महायुद्धाने बदलली. मेसोपोटेमियातील कुत येथे २९ एप्रिल १९१६ रोजी इंग्रज सेनापतीने शरणागती पत्करली, तेव्हा कैद झालेल्या फौजेत मराठा पलटणीही होत्या. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एका गावचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले. त्या गावास आज अपशिंगे मिलिटरी म्हणतात. आपल्या जिल्ह्यातील शिरोळ तालुक्याची सैनिक टाकळी आपले नावच शिपाईगिरीवरून मिरविते. युद्ध संपल्यावर हजारो माणसे घरी परतली, कित्येक अपंग होऊन; आणि कित्येक घरांत फक्त कागद आला. त्यांची व्यवस्था लावण्यासाठी सरकारने १९१९ साली इंडियन सोल्जर्स बोर्ड स्थापन केले. १९७५ पासून ते केंद्रीय सैनिक बोर्ड या नावाने चालते आणि त्याच्या खालची कार्यालये जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. १९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळला जातो. त्या दिवशी छातीवर लावण्याचा लहानसा कागदी ध्वज घेऊन आपण जे नाणे डब्यात टाकतो, त्यातून युद्धात पडलेल्यांच्या कुटुंबांचे पुनर्वसन व माजी सैनिकांचे कल्याण यांना हातभार लागतो.

सरकारी बोर्ड झाले तरी शिपायांची स्वतःची संघटना हवी, हा विचार जगभर होता. १९२१ साली केपटाऊन येथे ब्रिटिश साम्राज्यातील माजी सैनिकांची मध्यवर्ती संस्था निघाली. स्वतंत्र भारतात १९६४ साली इंडियन एक्स-सर्व्हिसेस लीग ही अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. तिच्यामागे जनरल करिअप्पा यांची प्रेरणा होती. ते १४ जानेवारी १९५३ रोजी निवृत्त झाले. त्या दिवसाची आठवण म्हणून २०१६ पासून १४ जानेवारी हा माजी सैनिक दिन म्हणून देशभर पाळला जातो व छावण्यांच्या गावी त्या दिवशी मेळावे भरतात. या मेळाव्यांचे महत्त्व तेथील भाषणांपेक्षा मंडपाच्या कडेला मांडलेल्या टेबलांत अधिक असते. तेथे पेन्शनची अडलेली प्रकरणे पाहिली जातात, विधवांच्या कागदांतील नावाची चूक दुरुस्त करून दिली जाते, औषधोपचाराच्या योजनेचे अर्ज भरून घेतले जातात. ‘समान हुद्दा, समान पेन्शन’ ही मागणी अनेक वर्षे असेच मेळावे व धरणी यांच्या बळावर जिवंत राहिली आणि २०१५ साली सरकारने ती योजना जाहीर केली.

येथे एक गोष्ट वाचकांच्या निदर्शनास आणणे अगत्याचे वाटते. जवान पेन्शनवर घरी येतो तेव्हा पुष्कळदा त्याने चाळिशीही ओलांडलेली नसते. ‘पेन्शनर’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे काठी टेकणारा वृद्ध येतो, तसा हा नव्हे. त्याच्यापुढे आयुष्याचा अर्धा भाग शिल्लक असतो. अधिकाऱ्यांतही सेवानिवृत्तीनंतर सार्वजनिक कार्याची जोखीम घेणारे निघाले. कोल्हापूरचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात १९६१ साली निवृत्त झाल्यावर महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. परंतु सामान्य जवानाला असे पद कोणी देत नाही. त्याची शिस्त, त्याने पाहिलेला मुलूख आणि वेळेवर हाती येणारी त्याची रक्कम यांचा उपयोग समाजाने करून घेतला नाही, तर ते सर्व घराच्या ओट्यावर वाया जाते. दापोलीच्या मंडळीने ते वाया जाऊ दिले नाही, हाच तिचा खरा पराक्रम होय.

कोरेगावचा मेळावा आजही दर १ जानेवारीस भरतो. आता तेथे देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून लाखो लोक येतात. महार रेजिमेंटचे निवृत्त सैनिक स्तंभाला मानवंदना देतात. २०१८ साली, लढाईस दोनशे वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, तेथे हिंसाचार होऊन एकाचा जीव गेला. ही दुःखाची गोष्ट इतिहासात नोंदली गेलीच पाहिजे. पण तिच्याइतकीच दुसरीही नोंद घ्यावी. त्या मेळाव्यात पुस्तकांची दुकाने ओळीने लागतात, आणि दूरवरून आलेली माणसे पुस्तकांची पिशवी घेऊन परततात. पेन्शनरांनी दिलेली अक्षराची ओढ शंभराहून अधिक वर्षांनंतरही टिकून आहे, याची याहून चांगली साक्ष कोणती?

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. मेळाव्याने साधते काय? या इतिहासाचे उत्तर असे की, मेळावा एका दिवसाचा असतो आणि त्याची किंमत उरलेल्या ३६४ दिवसांवर ठरते. वलंगकरांच्या मंडळीजवळ ना मंडप होता ना निधी. तिचा मुख्य अर्ज नाकारला गेला. तरी ती निष्फळ झाली नाही, कारण जमलेल्या प्रत्येकाने घरी जाऊन करावयाचे एक काम तिच्यापाशी होते : मुलाला शाळेत बसविणे व त्यासाठी भांडणे. ज्या मेळाव्यातून माणूस असे काम घेऊन परततो, त्याच्या भोजनावर झालेला खर्चही सत्कारणी लागतो. ज्यातून तो फक्त तृप्त होऊन परततो, त्याचा वाचविलेला पैसाही फारसे काही साधत नाही. तेव्हा मेळावा की वसतिगृह, असा प्रश्नच मुळी नसावा. मेळाव्याने वसतिगृहाला माणसे पुरवावीत व वसतिगृहाने मेळाव्याला कारण द्यावे.

या दृष्टीने आम्ही सभासद कुटुंबांपुढे तीन साध्या सूचना ठेवतो. आपल्या घरातील जुन्या शिपायाचे सेवापुस्तक, पदके व पत्रे काळजीपूर्वक जपावीत आणि त्यांतील नावे व सालवारी उतरवून संस्थेकडे द्यावी. कारण कागद गेला की पेन्शनही अडते आणि इतिहासही. येत्या मेळाव्यात सत्काराच्या व्यासपीठाबरोबर एक टेबल मांडावे व तेथे पेन्शनची कामे जाणणाऱ्या माजी सैनिकांनी बसावे. ज्ञातीतील असो वा पेठेतील कोणी शेजारीण असो, विधवा माउलीचा कागद त्यांनी पाहून द्यावा. आणि तिसरी सूचना आपल्यातील तरुण पेन्शनरांना : आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांनी मुलांच्या अभ्यासाला द्यावी. यास निधी लागत नाही, ठरावही लागत नाही.

दापोलीच्या शिपायांनी पलटण सोडली, पण कामगिरी सोडली नाही. ती कामगिरी कोणा एका ज्ञातीची नव्हती व आजही नाही. आपल्या मेळाव्यातून तिचा थोडासा भाग जरी कोणी उचलून घरी नेला, तरी या लेखाचे व या स्मरणिकेचे सार्थक झाले असे आम्ही समजू.